पडसादाच्या आधी

"वृंदे, ऐकू येतंय का?"

अण्णा खाली होते, रंगमंचापुढच्या दगडी अर्धवर्तुळात मधोमध, आणि मी पार वर, शेवटच्या पायरीवर. मधे सगळी संगमरवरी पायऱ्यांची उतरंड. ते ओरडले नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाला वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं होतं, आणि तरी शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला.

"येतंय!" मी बोंब ठोकली.

"ओरडू नकोस. तुझंही येतंय इथे."

खाली मंडळातली माणसं हसली. ते हसणंही मला शेजारी कोणी हसावं तसं ऐकू आलं.

बल्गेरियातल्या प्लोवदिव गावात, टेकडीच्या कुशीत हे रोमन नाट्यगृह आहे. शतकानुशतकं मातीखाली झोपलं होतं. दरड कोसळली तेव्हा कुठे त्याचं तोंड दिसलं म्हणे. लोकांनी माती उपसली, पडलेले खांब उभे केले आणि पुन्हा नाटकं सुरू केली. वर छप्पर नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. रंगमंचामागे खांबांची उंच दगडी भिंत, त्या भिंतीत दारं, आणि त्यापलीकडे डोंगर. तिथल्या एका छोट्या नाट्यमहोत्सवाला आमच्या सांगलीच्या नटेश्वर हौशी नाट्य मंडळाला बोलावणं आलं होतं. नाटक होतं 'मावळतीचा बुरूज' आणि त्यातला म्हातारा किल्लेदार म्हणजे आमचे अण्णा, अच्युत सबनीस, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. हा त्यांचा शेवटचा प्रयोग, असं ठरलं होतं. ठरवलं होतं आईनं. अण्णांनी एकच अट घातली, की माइक लावायचा नाही.

माइक हे अण्णांचं जुनं दुखणं. गळ्याशी अडकवायचे माइक आले, त्या वर्षी त्यांनी घरात सुतक असल्यासारखं तोंड केलं होतं. "नट आहे मी, का विमानतळावर घोषणा करणारी बाई?" त्यांच्या मते नटाचं सगळं इमान शेवटच्या रांगेशी असतं. पहिल्या रांगेत आमदार बसतात, त्यांना ऐकू आलं काय नि नाही काय. त्यामुळे लहानपणी प्रत्येक प्रयोगाला माझी जागा शेवटच्या रांगेत असायची. एखादा शब्द ऐकू आला नाही की मी हात वर करायचा. एवढ्या अंधारात त्यांना तो हात कसा दिसायचा देव जाणे, पण पुढचं वाक्य चढ्या आवाजात यायचं. लग्न होऊन जर्मनीला गेले आणि ती नोकरी सुटली. आता ती पुन्हा करायला मी स्टुटगार्टहून आले होते. जवळजवळ दीड वर्षानं भेटत होतो आम्ही.

"संध्याकाळी इथेच बस," खालून अण्णा म्हणाले. "ऐकू आलं नाही तर हात वर. आठवतंय ना?"

"आठवतंय, अण्णा."

"कुमुद कुठे बसणार?" त्यांनी जयसिंगदादाला विचारलं. जयसिंग पाटोळे म्हणजे आमचा दिग्दर्शक, नाटकही त्यानंच लिहिलेलं. शाळेत व्यायाम शिकवतो, त्यामुळे नटांनाही तो ड्रिलच्या पोरांसारखा हाकतो. फक्त अण्णांसमोर आवाज खाली.

"बघूया की जागा, अण्णा."

"नाही, पण कुमुद कुठे बसणार?"

मी पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत त्यांनी हे आणखी एकदा विचारलं. मला हसू आलं. आईबापांचं प्रेम उतारवयात असं उतू गेलेलं बघायला मुलांना नेहमीच मजा वाटते.

आईची जागा विंगेत, हे मी जन्मल्यापासूनचं ठरलेलं. मांडीवर थर्मास, त्यात ज्येष्ठमधाचा काढा. लोक तिला प्रॉम्प्टर म्हणायचे, पण प्रॉम्प्टिंग करायची तिच्यावर कधी वेळच आली नाही. अण्णांचं पाठांतर म्हणजे शिलालेख. मागून वाक्यं घेणाऱ्या नटांना ते 'सलाइनवरचे पेशंट' म्हणत आणि त्यांच्या तोंडावरच म्हणत. आई आपली बसायची. तिला सगळी नाटकं ऐकून ऐकून पाठ झाली होती, हातात संहितासुद्धा नसायची. आणि बोलायची सवय. घरी कोणी अण्णांना काही विचारलं की उत्तर आईचं. फोनवर तर विचारू नका. मी अण्णांना फोन केला की मागून हिचा आवाज सुरूच: "वृंदाचा फोन आहे. ओजसची परीक्षा झाली का विचारा. त्याचा हात मोडला होता, बरा झाला का विचारा." आणि अण्णा माझ्या लेकाबद्दल ते सगळं विचारायचे. मी चिडवायचेही, "आई, रेडिओ जरा बारीक कर की!"

आता प्रश्न होता विंगच नसलेल्या रंगमंचावर आईला बसवायचं कुठे.

जयसिंगदादानं सगळ्या भिंतीची टेहळणी केली. मधल्या दाराच्या आत, दगडी चौकटीला लागून एक कोनाड्यासारखी जागा होती. "काकू, हितं बसा. पाठ भिंतीला लावून. हितनं तुम्ही कुनाला दिसायच्या न्हाईत." तो स्वतः पळत जाऊन चार ठिकाणी पायऱ्यांवर बसून आला. "न्हाई दिसत. फर्स्टक्लास!"

आई कोनाड्यात बसली. मग तिनं दारातून रंगमंचाकडे बघितलं. "लांब पडतंय का रे? पोचेल का त्यांच्यापर्यंत?"

"काय पोचायचंय काकू? काढा? मध्यंतरात द्या की."

आईनं कोनाड्यातली धूळ पदरानं झटकली आणि थर्मास ठेवून जागा धरली.

आम्हाला मिळालेल्या वेळात तालीम व्हायची होती, पण आईनं अण्णांना बोलूच दिलं नाही. "आवाज राखा. ऊन आहे. हालचाली तेवढ्या करून घ्या." अण्णांनी मुकाट्यानं हालचाली केल्या. नमनालाच अर्धा वेळ गेला, कारण जयसिंगदादाला रंगमंचावर नारळ फोडायचा होता आणि तिथल्या रखवालदाराला, मिशाळ स्टोयानला, तो काय करतोय हेच समजेना. समजलं तेव्हा तो नारळ आणि संगमरवराच्या मधे आडवा पडायच्या बेतात होता. शेवटी नाट्यगृहाबाहेरच्या एका साध्या दगडावर फोडायचं ठरलं. "चालेल?" आम्ही खुणेनं विचारलं, तर स्टोयाननं मान नकारार्थी हलवली. आम्ही हिरमुसलो. मग महोत्सवात काम करणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की या देशात मान आडवी हलवली म्हणजे हो, आणि खालीवर हलवली म्हणजे नाही. ऋतुजा, नाटकात अण्णांच्या मुलीचं काम करणारी पोरगी, हसून हसून खाली बसली. सगळे हसलो. अण्णाही हसले, जरा उशिरा, सगळ्यांकडे बघून. खोबऱ्याचा तुकडा स्टोयाननं डोळे मिटून खाल्ला.

संध्याकाळी भिंतीमागच्या दगडी खोलीत आई अण्णांना पागोटं बांधत होती. मी स्टूल ओढून समोर बसले.

"अण्णा, ओजसनं तुमच्यासाठी—"

"चित्र काढलंय ना?" आई म्हणाली. "सांगितलं मी त्यांना. आवडलं हो त्यांना. घोड्याचं आहे ना, अहो?"

"घोड्याचं," अण्णा म्हणाले. "आवडलं."

माझा तोल गेला. "आई, दीड वर्षानं भेटतेय मी. त्यांना बोलू दे की जरा!"

आईचे हात पागोट्यावर थांबले. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं पागोट्याचा पुढचा वेढा घातला.

"ती बोलते, मी ऐकतो," अण्णा हसत म्हणाले. "यालाच संसार म्हणतात, बाळ."

आई काढ्याला गरम पाणी आणायला गेली. आम्ही दोघंच उरलो. अण्णांनी मला जरा न्याहाळलं, आणि फार अदबीनं विचारलं, "प्रवास नीट झाला ना तुमचा?"

मी आदल्या दिवशीच आले होते, त्यांच्याच टेबलावर बसून रात्रीचं जेवले होते. पण प्रयोगाआधी अण्णा नेहमीच असे भूमिकेत शिरलेले असत. एकदा तर त्यांनी घरमालकाला 'सुभेदार' म्हणून हाक मारली होती. मी म्हणाले, "छान झाला, किल्लेदार!" ते खूश झाले.

ऊन कलतं झालं तसे लोक येऊ लागले. हातात बसायच्या गाद्या, पाण्याच्या बाटल्या. नाट्यगृह भरलं नाही, पण अर्ध्याच्या वर माणूस होतं. मी माझ्या जागेवर, शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. माझ्या शेजारी पांढरे केस आखूड कापलेली एक बाई होती. रंगमंचाच्या एका कडेला छोटा पडदा लावला होता, त्यावर संवादांचं भाषांतर उमटणार होतं. सांगलीहून आणलेली पितळी घंटा जयसिंगदादानं वाजवली. तिसरी घंटा झाली तेव्हा मी लहानपणासारखी सरसावून बसले.

अण्णा मधल्या दारातून आले. रंगमंचाला हात लावून तो हात त्यांनी कपाळाला लावला आणि उभे राहिले. काय उभे राहिले! त्या दोन हजार वर्षांच्या दगडांसाठीच हा माणूस घडवला असावा, असं वाटलं मला. बाकी सगळं शांत झालं.

आणि मला ऐकू आलं: "सूर्य मावळला म्हणून पहारा उठत नसतो."

पण अण्णांचे ओठ हलले नव्हते. आवाज बारीक होता, बाईचा होता. आणि मग अण्णांचा, खणखणीत, घंटेसारखा: "सूर्य मावळला म्हणून पहारा उठत नसतो!"

मला वाटलं, पडसाद. जुनी वास्तू आहे, दगड आहे, असेल. मग पुन्हा. "वर येणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगावं." बारीक. आणि मागोमाग अण्णा: "वर येणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगावं!"

पडसाद नंतर येतो. हा आधी येत होता.

आईचा आवाज होता तो. 'अहो, चहा झालाय' म्हणणारा, फोनमागून 'परीक्षा झाली का विचारा' म्हणणारा. सांगलीच्या नाट्यगृहात पंखे घरघरतात, पोरं रडतात, माइक अण्णांचाच आवाज मोठा करतो. विंगेतली कुजबुज विंगेतच मरते. इथे पाठीशी दगड, चौकट दगडाची, समोर पायऱ्यांचा पसरलेला पदर. तिला कोनाड्यात बसवताना ती कोणाला दिसणार नाही एवढंच आम्ही बघितलं होतं. सगळी नाटकवाली माणसं, आणि ऐकू येईल का हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा मला राग आला. आईचाच. कशाला बोलतेय मधे? गप्प बैस, अण्णांना येतंय सगळं! मी वाट बघू लागले की आता एक वाक्य असं येईल, जे अण्णा आपलं आपण म्हणतील. एक तरी. ऋतुजा आली, तिची वाक्यं तिनं म्हटली, तेव्हा कोनाडा गप्प असायचा. अण्णांची पाळी आली की आधी आई. "तू?" हा एवढा एक शब्द होता किल्लेदाराला. तोसुद्धा आधी आईनं म्हटला. "तू?" आणि मग त्यांनी.

तेव्हा मला कळलं. एखादं वाक्य अडलं, विसरलं, तसलं नव्हतं हे. आत काहीही उरलेलं नव्हतं. नुसता आवाज होता. आई फुंकर घालत होती आणि बासरी वाजत होती.

आणि वाजत तर काय सुंदर होती! आई कुजबुजायची ते सपाट, वाण्याच्या दुकानात यादी सांगावी तसं. अण्णा तेच उचलायचे आणि त्यात राग यायचा, तोरा यायचा, म्हातारपणचा हट्ट यायचा. हे कुठून येत होतं, मला आजही सांगता येणार नाही. घर जळून गेलं होतं आणि देव्हाऱ्यातला दिवा तेवढा तेवत होता.

माझा हात मांडीवर होता. ऐकू आलं नाही तर वर करायचा. नको तेवढं ऐकू येतंय, यासाठी आमच्यात काही खूणच ठरलेली नव्हती.

शेजारची बाई माझ्याकडे झुकली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तो आवाज... त्याची मेलेली बायको ना?" नाटकात किल्लेदाराची बायको मेलेली आहे, हे तिनं पडद्यावर वाचलं होतं. सगळ्या प्रेक्षकांना तसंच वाटत असणार. मी मान खाली घातली, वर केली. ती गोंधळून सरळ बसली. तिच्या देशात मी 'नाही' म्हणाले होते.

नाटक अर्ध्यावर आलं. आता ती जागा येणार होती, जिच्यासाठी सांगलीत लोक पुन्हा पुन्हा यायचे. मुलगी सांगते, "आबासाहेब, ज्यांनी गड उतरायचा हुकूम द्यायचा, ते केव्हाच गेले. लढाई संपली." आणि किल्लेदार गप्प. एक शब्द नाही. अण्णा तिथे इतका वेळ नुसते उभे राहत, की लोक श्वास घ्यायला विसरत.

ऋतुजानं वाक्य म्हटलं. कोनाडा शांत. तिथे वाक्यच नव्हतं, आई काय सांगणार?

अण्णा उभे राहिले. मी मनात म्हणत होते, हे त्यांना येईल. गप्प राहायला काय पाठ करावं लागतं? अण्णांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि मधल्या दाराकडे तोंड करून, घरातल्या आवाजात विचारलं,

"कुमुद, पुढे काय?"

शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं.

"काही नाही," आई कुजबुजली. "थांबायचंय."

अण्णांचा चेहरा उजळला. ते वळले, त्यांनी हात उंचावला. "काही नाही! थांबायचंय!"

कडेचा पडदा कोरा होता. आई घाबरली. "अहो, हे नाही. हे नाही म्हणायचं."

"अहो, हे नाही! हे नाही म्हणायचं!" किती तळमळीनं म्हणाले ते! पायऱ्यांवर कुणीतरी नाक ओढलं.

मग कोनाड्यातून हुंदका आला. तोंडात पदर कोंबलेला असणार, तरी आला, वरपर्यंत आला. मी जन्मात पहिल्यांदा आईला रडताना ऐकलं, तेही एवढ्या लोकांच्या देखत. तो हुंदका मात्र अण्णांनी उचलला नाही. ते कान देऊन उभे राहिले. मग हळूच, कुठल्याच भूमिकेतलं नाही असं म्हणाले, "कुमुद? रडतेस का गं?"

हे तिनं सांगितलेलं नव्हतं. 'पुढे काय?' सोडलं, तर त्या संध्याकाळी रंगमंचावर त्यांचं स्वतःचं असं हे एवढंच वाक्य.

आई दारातून बाहेर आली. निळी सुती साडी, वरून माझा जुना स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. ती रंगमंचावर चालत गेली, तिनं अण्णांचा हात धरला आणि त्यांना घेऊन ती दारातून आत गेली. ऋतुजा शहाणी पोर. तिनं बुरुजावरचा कंदील उचलला, विझवला आणि मान खाली घालून उभी राहिली.

अर्धं नाटक बाकी होतं. पण ते आम्हालाच माहीत. सगळे लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. शेजारची बाई रडत होती आणि डोकं आडवं हलवत होती, म्हणजे हो, हो, हो. मेलेली बायको नवऱ्याला न्यायला आली, असा शेवट त्यांनी पाहिला होता. अण्णांना उभ्या आयुष्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मी पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. भिंतीमागच्या खोलीत जयसिंगदादा डोक्याला हात लावून बसला होता. मला बघून उठला. "वृंदाताई, शपथ सांगतो, आम्हास्नी वाटायचं काकूंना पुटपुटायची सवय हाय. एखाददुसरं वाक्य सांगत असतील. एवढं... एवढं न्हवतं वो म्हाईत."

अण्णा स्टुलावर बसले होते, घामानं डवरलेले, डोळे लकलकत होते. "ऐकू आलं?" त्यांनी मला विचारलं.

"आलं, अण्णा."

"शेवटच्या रांगेपर्यंत?"

"शेवटच्या रांगेपर्यंत."

"माइक नव्हता!" ते जयसिंगदादाला म्हणाले, आणि त्यानं त्यांना धरून पुन्हा टाळ्यांपुढे नेलं.

मी आणि आई उरलो. तिनं थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"सगळं ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"झाकली मूठ होती गं माझी." ती स्टुलावर टेकली. "म्हटलं, एवढा एक निभेल. किती वर्षं म्हणत होते, एकदा माइकशिवाय, एकदा माइकशिवाय. आवाज आहे अजून. आवाजाला काही झालेलं नाही."

"कधीपासून?"

"कळलंच नाही. आधी एखादं नाव अडायचं. मग..." तिनं हात उडवला. "फोनवर मी मधे बोलायचे ना, तू चिडायचीस."

मला फोनमधला तो रेडिओ आठवला. ओजसचं विचारा, हाताचं विचारा, जपून राहा म्हणा. अण्णांनी गेल्या वर्षभरात माझी जी म्हणून चौकशी केली होती, ती सगळी आईनं केली होती. मी वडिलांशी बोलून हलकी होऊन फोन ठेवत होते, आणि तिकडे वडील नव्हतेच.

"आज मला 'तुम्ही' म्हणाले," मी सांगितलं. "मला वाटलं, गंमत करताहेत."

"सकाळी मलाही म्हणतात."

"तू कसं करतेस, आई? एवढं नाटकच्या नाटक?"

"नाटकाचं काय," आई म्हणाली, "नाटक सोपं. ते लिहिलेलं असतं. घरी जड जातं."

अण्णा आत आले. टाळ्यांनी ताठ झालेले, हातात कुणीतरी दिलेली फुलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, अंगावरचा किल्लेदाराचा अंगरखा चाचपला आणि घाईघाईनं म्हणाले, "चला, चला. तिसरी घंटा झाली का?"

आईनं डोळे पुसले आणि त्यांचं पागोटं उतरवायला घेतलं. "झालं नाटक," ती म्हणाली. "छान झालं."

"छान झालं," अण्णा म्हणाले.

त्यानंतर ते रंगमंचावर गेले नाहीत. घरातला प्रयोग मात्र आईनं एकटीनं पुढे बरीच वर्षं ओढला. हे तुमचे भाऊ. हा तुमचा चमचा. हे दार बाहेरचं. मी ओजसला त्याच्या बापाकडे ठेवून वर्षातून दोनदा यायचे, तेवढे दिवस ती झोपून काढायची. आधी जातील ते अण्णा, अशी आम्हा सगळ्यांची मनातून समजूत होती. गेली आई. दुपारी भाजी चिरायला बसली होती, तिथेच.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली, माणसं येत होती. अण्णा खुर्चीत, धुतलेला सदरा घालून, येणाऱ्या प्रत्येकाला अदबीनं 'या' म्हणत होते. जयसिंगदादा त्यांच्या पायाशी बसून पोरासारखा रडत होता, आणि अण्णा त्याच्याकडे कौतुकानं बघत होते, एखाद्या नवख्या नटानं बरं काम करावं तसे. मग ते इकडेतिकडे बघायला लागले.

"कुमुद कुठाय?" त्यांनी विचारलं. "कुमुद कुठे बसली आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि त्यांच्या खुर्चीमागे, कानापाशी जाऊन बसले.

"कुमुद गेली," मी कुजबुजले.

अण्णांनी मान वर केली. क्षणभर थांबले, नेमकं जिथे थांबायला हवं तिथे. आणि मग तोच आवाज, जराही न झिजलेला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा:

"कुमुद... गेली."

बायका हमसून रडू लागल्या. अण्णांनी ते ऐकलं. मग मान जराशी मागे वळवून, कुणाला दिसू नये अशा बेतानं त्यांनी मला विचारलं,

"पुढे?"

पुढचं मला माहीत नव्हतं.